आत गाणं, बाहेर टकटक

मंडळी, शनिवार सकाळ आहे, हापिसाचा लॅपटॉप बॅगेत आहे आणि तो सोमवारपर्यंत तिथेच राहणार आहे. तेव्हा एक कोडं घालतो.

समजा तुम्हाला आमच्या गावात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरात, कुणाला तरी भेटायचंय. त्याचा नंबर तुमच्याकडे नाही, तुमचा त्याच्याकडे नाही. आज भेटायचं एवढंच दोघांना माहीत. कुठे जाऊन थांबाल?

थॉमस शेलिंग नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने हाच प्रश्न लोकांना न्यूयॉर्कबद्दल विचारला होता. १९६० साली आलेल्या त्याच्या 'द स्ट्रॅटेजी ऑफ कॉन्फ्लिक्ट' या पुस्तकात ते सगळं आहे. (पुढे २००५ साली त्याला नोबेल मिळालं.) निम्म्याहून जास्त लोकांनी एकच जागा सांगितली, ग्रँड सेंट्रल स्टेशनची चौकशी खिडकी. आणि वेळ? जवळजवळ सगळ्यांनी दुपारचे बारा. आपसात एक शब्द न बोलता!

आमच्याकडे हाच प्रश्न विचारलात तर माझी पैज क्रांती चौकावर. जालना रोडवरचा उड्डाणपूल, खाली रिक्षांचा गोंधळ, आणि शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा. पूल झाल्यावर जुना पुतळा खुजा दिसायला लागला अशी लोकांची तक्रार होती, म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये उंच चौथऱ्यावर नवा आला. तर तुम्ही तिथे जाणार, कारण तो तिथे येईल असं तुम्हाला वाटतं. आणि तो येणार, कारण तुम्ही याल असं त्याला वाटतं. चौकात स्वतःचं असं काही नाही. जे आहे ते एकमेकांच्या डोक्यात.

आता हे कोडं बाजूला ठेवा आणि ९ ऑगस्ट २०१६ ची सकाळ आठवा.

त्याच्या महिनाभर आधी, १३ जुलैला, नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात कोपर्डीला एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला होता. मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा आमच्या गावात निघाला (तेव्हा औरंगाबाद), आणि निघाला तो क्रांती चौकातून, क्रांती दिनाला. तारीख आणि जागा दोन्ही अशा, की एकदा ऐकलं की विसरायची सोय नाही. शेलिंगसाहेब असते तर खूश झाले असते. भाषणं नाहीत, घोषणा नाहीत, पुढे मुली आणि बायका, पुढारी मंडळी मागे. 'एक मराठा, लाख मराठा' हे छापलेलं होतं, ओरडलेलं नव्हतं. त्यानंतर गावोगाव असेच मोर्चे निघत राहिले आणि बरोबर वर्षाने, ९ ऑगस्ट २०१७ ला, मुंबईत अठ्ठावन्नावा निघाला.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमचं घर मराठा, हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही पुढचा लेख वाचायचं सोडून माझं आडनाव शोधत बसाल. (आपण सगळेच शोधतो. नवीन माणूस भेटला की पहिल्या दोन मिनिटांत आडनाव, मग गाव, मग 'तुमच्याकडे भाजीला काय म्हणतात' असले प्रश्न. समोरच्याच्या डोक्यात काय असेल याचा अंदाज आपण त्याला विचारून बांधतच नाही, त्याच्याभोवती कोण आहे त्यावरून बांधतो. गावाच्या नावाचंही तेच. 'औरंगाबाद' म्हणालो की एक माणूस मान डोलावतो आणि दुसरा गप्प होतो, 'संभाजीनगर' म्हणालो की उलट. पुण्यात कुणी विचारलं तर मी आधी त्याच्याकडे बघतो आणि मग 'मराठवाड्यातला' म्हणून सुटतो.) असो.

माझी आई त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मोर्चात गेली. मोर्चा सोडा, ती सोसायटीच्या मीटिंगलाही जात नाही. का गेलीस म्हणून मी तेव्हा विचारलं, तर म्हणाली, "शेजारच्या काकू जाणार होत्या, मग मीही म्हटलं जाऊ." दोन दिवसांनी जिन्यात काकू भेटल्या. त्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तुझी आई जायलीय म्हटल्यावर मी कशी घरी बसणार?"

हसू नका. त्या गर्दीचं इंजिन नेमकं हेच होतं असं माझं मत आहे, आणि त्यात हिणवण्यासारखं काही नाही.

आमच्या धंद्यात 'दोन सेनापतींचा प्रश्न' म्हणून एक जुनं दुखणं आहे. संगणकवाल्यांनी १९७० च्या दशकात मांडलेलं. दोन टेकड्यांवर एकाच बाजूच्या दोन फौजा, मधल्या दरीत शत्रू. दोघींनी एकदम हल्ला केला तर जिंकल्या, एकटीने केला तर मेली. निरोप्याला दरीतूनच जावं लागतं आणि तो पकडला जाऊ शकतो. पहिला सेनापती कळवतो, 'उद्या पहाटे'. निरोप पोचला का? दुसरा पोच पाठवतो. पण आपली पोच पोचली का, हे दुसऱ्याला कुठे माहीत! मग पोचेची पोच, तिची पोच... शेवटचा निरोप ज्याने पाठवला तो कायम टांगलेला. कितीही निरोप पाठवा, हे सुटत नाही, आणि सुटत नाही हे गणिताने सिद्ध करता येतं. व्हॉट्सॲपने २०१४ साली निळ्या टिका आणल्या तेव्हा लोकांना वाटलं प्रश्न मिटला. कसला मिटतोय? त्याने वाचलं हे मला कळलं, पण मला ते कळलं हे त्याला कळलं का? अर्ध्या प्रेमप्रकरणांची वाट याच प्रश्नाने लागते.

मोर्च्याचे निरोप व्हॉट्सॲपवरूनच फिरले होते. पण नुसत्या निरोपांनी माणूस घराबाहेर पडत नाही. 'मला राग आलाय' हे प्रत्येकाला माहीत असतं. 'बाकीच्यांनाही आला असावा' हा अंदाज असतो. 'बाकीच्यांना माझ्याबद्दल तसाच अंदाज आहे आणि ते येतील' ही पायरी मात्र फोनवर चढता येत नाही. चौकात ती एका नजरेत चढली जाते. मी तुला बघतोय, तू मला बघतोयस, आणि आपण एकमेकांना बघताना दोघांनाही दिसतोय. पोच लागतच नाही. डेव्हिड लुईस या तत्त्वज्ञाने १९६९ साली याची नीट व्याख्या केली. आपण त्याला सामाईक माहिती म्हणू. ९ ऑक्टोबर १९८९ ला लाइपझिगमध्ये सत्तरेक हजार माणसं रस्त्यावर उतरली तेव्हा पूर्व जर्मनीच्या सरकारबद्दल कुणालाही नवीन काही कळलं नव्हतं. सरकार नकोसं झालंय हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. नवीन एवढंच कळलं, की हे सगळ्यांना माहीत आहे. महिन्याभरात बर्लिनची भिंत उघडली.

म्हणून 'मोर्च्याने काय साधलं' या प्रश्नाला लोक जेव्हा आरक्षणाचा ताळेबंद मांडतात तेव्हा मला ते मोजमाप अपुरं वाटतं. ताळेबंद तसा सगळ्यांना पाठ आहे. २०१८ साली १६ टक्क्यांचा कायदा, २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो शिक्षणात १२ आणि नोकरीत १३ टक्क्यांवर आणला, ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा १० टक्क्यांचा नवा कायदा. कायदा येतो-जातो. पण लाखो माणसांनी एकमेकांना बघितलं, हे कुठलं न्यायालय रद्द करणार?

इथपर्यंत मी कौतुकच करतोय. आता दुसरी बाजू, आणि हा लेख खरं तर तिच्यासाठी लिहायला घेतलाय.

माझा कॉलेजातला एक जिवलग मित्र. घर क्रांती चौकापासून चालत दहा मिनिटांवर. घरी बाबासाहेबांचा मोठा फोटो, वडलांचं झेरॉक्सचं दुकान. आम्ही चार वर्षं एका बाकावर बसलो, एकमेकांच्या असाइनमेंटा छापल्या. मोर्च्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने मला एवढंच विचारलं होतं, "तू जायलास का उद्या?" मी हो म्हणालो. तो "बरं" म्हणाला. त्यानंतर या विषयावर आम्ही बोललो ते थेट तीन वर्षांनी, पुण्यात, कंपनीच्या बसमध्ये.

तो म्हणाला, "त्या दिवशी पप्पांनी दुकान उघडलंच नाही. आम्ही गच्चीवरून बघत होतो. तुम्ही घोषणा दिल्या असत्या तर बरं झालं असतं रे. नेमकं काय म्हणायलेत ते तरी कळलं असतं."

मला हे वाक्य फार दिवस पचलं नाही. आमच्या घरात त्या शांततेचा केवढा अभिमान होता! ॲम्ब्युलन्सला वाट करून दिली, रस्ते झाडून काढले, एक दगड उचलला नाही. आणि गच्चीवरच्या माणसाला हीच शांतता भीतीदायक वाटली?

मग एक प्रयोग वाचनात आला. स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन हिने १९९० साली पीएचडीसाठी केलेला. एकाने टेबलावर बोटांनी टकटक करून एखादं प्रसिद्ध गाणं वाजवायचं, समोरच्याने ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३! कारण टकटक करणाऱ्याच्या डोक्यात पेटी-तबल्यासकट सगळं गाणं वाजत असतं, आणि ऐकणाऱ्याला येते ती फक्त टकटक. घरी करून बघा, भांडण होईल. वाजवणाऱ्याला वाटतं समोरचा मुद्दाम मठ्ठपणा करतोय.

चार-पाच वर्षांच्या पोराला कळायला लागतं की मला जे माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नसू शकतं. १९८३ साली विमर आणि पेर्नर या दोघांनी मुलांना एक गोष्ट सांगून हे तपासलं होतं. मुलगा बाहेर गेल्यावर आईने चॉकलेट एका कपाटातून दुसऱ्यात ठेवलं, तर तो परत येऊन कुठल्या कपाटात शोधेल? तीन वर्षांची पोरं चुकतात, थोडी मोठी झाली की बरोबर सांगतात. आणि आपण पंचविशीत, पन्नाशीत, हातात झेंडा घेतला की पुन्हा तीन वर्षांचे होतो.

मोर्च्याच्या आत गाणं वाजत होतं. गच्चीवर टकटक ऐकू येत होती. आणि टकटक ऐकणारा माणूस कोरा नसतो, तो आपल्याच डोक्यातलं गाणं तिला लावतो. माझ्या मित्राच्या घरी १९७८ चं गाणं होतं. त्या वर्षी २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात गावोगाव दलितांची घरं जळाली. त्याचे आजोबा त्या दिवसांनंतर गाव सोडून शहरात आले. त्यात कोपर्डीच्या बातमीबरोबर आरोपींची जातही फिरत होती, आणि मोर्च्याच्या मागण्यांमध्ये ॲट्रॉसिटी कायद्यात बदल करा, त्याचा गैरवापर थांबवा, हीही होती. लाखो माणसं, कुणी काही बोलत नाही, आणि एका फलकावर 'ॲट्रॉसिटी' हा शब्द. गच्चीवरून अजून काय दिसणार होतं?

याचा अर्थ मूक मोर्चा काढूच नये असा नाही. २८ जुलै १९१७ ला न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरून सुमारे दहा हजार कृष्णवर्णीय माणसं अशीच मूकपणे चालली होती. ईस्ट सेंट लुईस शहरात त्यांच्या लोकांची कत्तल झाली होती, तिच्या निषेधार्थ. पुढे लहान मुलं, मग पांढऱ्या कपड्यांतल्या बायका, मागे काळ्या कपड्यांत पुरुष, आवाज फक्त ढोलांचा. आपल्या मोर्च्याशी किती सारखं, बघा. पण त्यांनी आणखी एक केलं. कडेला उभं राहून बघणाऱ्यांना पत्रकं वाटली, आम्ही का चालतो आहोत ते सांगणारी. म्हणजे कुणीतरी आदल्या रात्री बसून विचार केला होता, की फुटपाथवरच्या त्या गोऱ्या माणसाच्या डोक्यात आपल्याला बघून काय येईल.

आपल्याकडे निवेदन होतं, पण ते वर गेलं. अधिकाऱ्यांकडे, सरकारकडे. शेजाऱ्याकडे नाही गेलं. मला खटकतं ते एवढंच, पण ते लहान नाही. सरकारच्या डोक्यात काय चाललंय याचा आपण केवढा अभ्यास करतो! ज्याच्याबरोबर डबा खातो त्याच्या डोक्यात काय चाललंय याचा अंदाज आपण फुकट, न विचारता बांधतो. मग प्रत्येकाचं उत्तर गर्दीनेच द्यायचं. त्याच वर्षाअखेरीपर्यंत राज्यात बहुजन क्रांती मोर्चे निघाले, मुस्लिम समाजाचे मूक मोर्चे निघाले. टकटकीला टकटक.

सरकारनेही स्वतःचं गाणं लावलं, 'गप्प आहेत म्हणजे थांबतील' असं काहीतरी. आणि थांबलेल्यांनी निष्कर्ष काढला की गप्प राहिलं की कुणी ऐकत नाही. २०१८ च्या जुलैत कायगाव टोक्याला एका तरुणाने गोदावरीत उडी घेतली, तो गेला. मूक मोर्च्याचा ठोक मोर्चा झाला. ९ ऑगस्ट २०१८ ला, पहिल्या मोर्च्याला बरोबर दोन वर्षं झाली त्या दिवशी, वाळूज एमआयडीसीत कंपन्यांची तोडफोड झाली. आमच्या बॅचची कितीतरी पोरं तेव्हा तिथे नुकतीच ट्रेनी म्हणून लागली होती, सगळ्या जातींची.

दुसऱ्याच्या मनाचा विचार करून केलेली एक गोष्ट मात्र आमच्याच गावात आहे, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. १९७८ चा तो ठराव सोळा वर्षं अडकला. माणसं मेली, लाँग मार्च निघाला. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचं नाव 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' झालं. त्याला म्हणाले 'नामविस्तार', नामांतर नाही. लहानपणी मला ही सरकारी शब्दांची कसरत वाटायची. आता वाटतं, कुणीतरी दोन्ही घरांतल्या रात्रीच्या जेवणाचा विचार केला होता. एका घरात म्हणता आलं, बाबासाहेबांचं नाव लागलं. दुसऱ्या घरात म्हणता आलं, मराठवाडा गेला नाही. हरलेल्याला घरी जाऊन सांगायला एक वाक्य दिलं. काहींना ही तडजोड तेव्हाही बोचली, आजही बोचते, आणि ज्यांची घरं जळाली त्यांना ती बोचणारच. पण दर १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर लोटणारी गर्दी बघा. आणि त्याच गेटमधून सगळ्यांची पोरं आत जातात.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा गेल्या रविवारी आईला फोन करून पुन्हा विचारलं. काकूंचं सोड, तू स्वतः कशासाठी गेली होतीस?

"त्या पोरीसाठी. तुझी ताई तेव्हा रात्री क्लासवरून एकटी यायची."

आणि आरक्षण?

"ते तिथे गेल्यावर कळलं. बोर्डं होती ना."

ॲट्रॉसिटी?

"मला काय माहीत बाबा त्यातलं. बायका बोलत नव्हत्या, मीही नाही बोलले."

म्हणजे आत सुद्धा एकच गाणं नव्हतं तर! माझ्या आईच्या डोक्यात एक, पुढच्या रांगेतल्या पोरीच्या डोक्यात दुसरं, मागच्या पुढाऱ्याच्या डोक्यात भलतंच, आणि शांत राहिल्यामुळे प्रत्येकाला वाटत होतं की सगळे आपलंच गाणं गातायत. एवढी माणसं एकत्र चालू शकली ती त्यामुळेच, असंही म्हणता येईल. घोषणा द्यायची ठरली असती तर पहिल्याच घोषणेला निम्म्या बायका घरी परतल्या असत्या, माझी आई धरून.

मित्राला मी हे सगळं कळवलं. दोन निळ्या टिका, बराच वेळ काही नाही. मग त्याचा फोन आला. "काकूंना सांग, आमची मम्मी पण त्या पोरीसाठी रडली होती. गच्चीवरच." मग म्हणाला, दिवाळीत गावी आलास की घरी ये, पप्पांशी बोल, त्यांना अजून वाटतं ती लाखभर माणसं त्यांच्या दुकानाकडे बघत होती.

जाणार आहे. आईला पण नेणार आहे.